बासष्ट किलो, काटा बरोबर

आमच्या गॅलरीत दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, शाळेच्या पोरांनी विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या. आणि दुसरे, किस्से. बाटल्या वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, ते तसेच पडून राहतात. सकाळी दार उघडायच्या आधी चहा घेताना एक जण सुरुवात करतो, दुसरा त्याला जोडतो, आणि कुठूनही निघाली तरी गाडी शेवटी दस्तगीरचाचांपाशीच येऊन थांबते. मग कुणी तरी उठून कप धुवायला नेतं.

चाचा गेले. आता बोलून काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण त्यांचे किस्से सांगताना मी आधी हसते आणि मग डोळे पुसते, त्याला माझा इलाज नाही. ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी ओळख करून देते. कोल्हापुरात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमची अंतराळाची गॅलरी आहे. दारातच पाटी आहे, 'हात लावून बघा'. कुठल्याच वस्तूवर काच नाही. फिरवायचं, ढकलायचं, वर उभं राहायचं. कायमची माणसं आम्ही तीनच. देसाई मॅडम प्रमुख. मी सुजाता, आलेल्या लोकांना समजावून सांगणारी. आणि दस्तगीर शिकलगार, म्हणजे चाचा. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर आयुष्य काढलं आणि मग इथे आले. गॅलरीतल्या निम्म्या वस्तू त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या, आणि उरलेल्या निम्म्या पोरांनी मोडल्यावर त्यांनीच दुरुस्त केलेल्या. म्हणजे हिशेबाने सगळ्याच त्यांच्या!

* * *

नेसरीहून एकदा महिला बचत गटाची सहल आली. आमच्याकडे उल्केचा एक तुकडा आहे, लोखंडाचा, नारळाएवढा. लोकांनी हात लावून बघावा म्हणून चाचांनी त्याला मजबूत स्टँड करून दिला होता. मी सांगितलं, हा आकाशातून पडलेला आहे, तुमच्या-आमच्या पृथ्वीपेक्षाही जुना आहे. मी पुढच्या गटाकडे वळले आणि परत येऊन बघते तर उल्केला हळद-कुंकू वाहिलेलं, समोर दोन केळी!

मॅडमच्या कपाळाला आठ्या. चाचांनी मात्र ओलं फडकं आणलं, बायका जिना उतरून जाईपर्यंत ते हातात धरून उभे राहिले आणि मगच उल्का पुसली. त्यांच्या देखत पुसलं असतं तर वाईट वाटलं असतं, म्हणाले. केळी आम्ही खाल्ली.

पण किस्सा तो नाही. त्यातली एक म्हातारी सगळ्यांच्या मागे राहिली होती. तिने उल्केवर हात ठेवला आणि चाचांना विचारलं, "ह्यो पडला तवा कुणाला लागला न्हाय न्हवं?"

चाचा म्हणाले, "न्हाय आजी. कुणाला न्हाय लागला."

नंतर ते मला म्हणाले, एवढी माणसं आली, प्रोफेसर आले, इंजिनियर आले. सगळ्यांनी विचारलं, याची किंमत किती. हे विचारणारी ही पहिलीच.

* * *

आता काट्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमचा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे ग्रहांचा काटा. लोखंडी पाट आहे, त्याच्यावर उभं राहायचं. समोर बटणं आहेत: पृथ्वी, चंद्र, मंगळ, गुरू. जे दाबाल तिथलं तुमचं वजन भिंतीवर लाल आकड्यांत झळकतं. आकडे वीतभर उंचीचे. शेवटच्या पोराला पण दिसायला पाहिजे, असा चाचांचा हट्ट. त्यामुळे आपलं वजन अख्ख्या हॉलला कळतं.

उद्घाटनाला सगळे जमले आणि कुणी तरी म्हणालं, पहिला मान मॅडमचा. मॅडम अंगाने भरलेल्या. त्यांनी लाल आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी आहे तिथेच बरी आहे. तुम्ही जाऊन या चंद्रावर." त्यानंतर किती वर्षं गेली, मॅडम त्या काट्यावर कधी चढल्या नाहीत. आम्ही पैजा लावल्या, वाढदिवसाला गळ घातली, काही उपयोग झाला नाही. झाडायला येणाऱ्या मावशी तर पाट पुसतानासुद्धा मॅडमना हसून म्हणायच्या, बघा, जाता जाता पाय पडंल.

एकदा एक पैलवान आला. पृथ्वीवर एकशे दहा. तालमीतली चार पोरं बरोबर, छाती फुगवून उभा. त्याने चंद्राचं बटण दाबलं आणि भिंतीवर आलं, अठरा. पैलवानाचा चेहरा असा उतरला की बघवेना. "मग एवढं दूध-तूप खाल्लं, त्ये तितं कुठं जातंय?" असं त्याने अगदी कळवळून विचारलं.

मी वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण सुरू करणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "वजन जातंय पावणं. माणूस हाय तेवढाच ऱ्हातोय."

सहा वर्षं मी भौतिकशास्त्र शिकले. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते.

* * *

सोमवारी आमची सुट्टी. मंगळवारी सकाळी दार उघडायच्या आधी काटा तपासायचा, हा नियम. पण तपासायचा कशाने? प्रमाणित वजनं पाहिजेत म्हणून मॅडमनी वर अर्ज केला होता. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. तोवर काय करायचं, असं मॅडमनी विचारल्यावर चाचा म्हणाले, "मी हाय की. बासष्ट किलो."

आणि खरंच होते. लग्नात बासष्ट, पोरीच्या लग्नात बासष्ट, रोज्याच्या महिन्यात बासष्ट, ईदच्या बिर्याणीनंतरही बासष्ट. दर मंगळवारी चहाच्या आधी चाचा चपला काढून पाटावर उभे राहायचे. भिंतीवर बासष्ट आलं की वहीत लिहायचे, 'बासष्ट. काटा बरोबर.' खाली सही. मग मॅडमची सही. मॅडम सहीच्या बाबतीत फार कडक. स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी कशाखाली सही केलेली मी पाहिली नाही. एकदा वरच्या साहेबांनी न झालेल्या कार्यक्रमाच्या अहवालावर सही मागितली, तर त्यांनी सरळ कागद परत पाठवला होता. तर त्याही लांबून आकडा बघायच्या, मान हलवायच्या आणि सही करायच्या.

वर्षानुवर्षं एका शास्त्रीय संस्थेचं प्रमाण वजन म्हणजे दस्तगीर शिकलगार! बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून आम्ही सांगायचो नाही.

* * *

ग्रहांची पायी सफर हा आमचा आणखी एक उद्योग. पुरुषभर उंचीचा सूर्य गॅलरीच्या दारात उभा केला, तर त्याच मापाने पृथ्वी बोराएवढी होते आणि रस्त्यात दोनशे पावलांच्या आसपास येते. शनी येतो पावणेदोन किलोमीटरवर. आणि नेपच्यून, लिंबाएवढा, थेट कळंबा तलावाच्या काठावर. प्रत्येक ग्रहापाशी एक माणूस ग्रह हातात घेऊन उभा करायचा आणि पोरांनी चालत जायचं. नेपच्यून लांबचा, म्हणून तो चाचांना दिला. निळा रंगवलेला लाकडी गोळा, त्यांनीच लेथवर काढलेला.

पोरं शनीपर्यंत पोचली. ऊन असं होतं की दोघी-तिघींना चक्कर आली. त्यांच्या शाळेच्या बाईंनी सगळ्यांना सरबत पाजलं आणि रिक्षांतून परत नेलं. कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या, आभार झाले. दुपारी डबा उघडताना माझ्या लक्षात आलं की चाचा नाहीत. फोन लागत नव्हता.

मी स्कूटर काढली. तलावाच्या काठावर चाचा जिथे सांगितलं होतं तिथेच उभे होते. उन्हाने चेहरा काळवंडलेला, हातात नेपच्यून. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते दाखवत होते. म्हशी घेऊन निघालेल्या एका माणसाला माझ्या समोर सांगितलं, "सूर्य तिकडं गावात हाय, पार दिसत न्हाय बघा हितनं."

मी रडकुंडीला येऊन म्हणाले, चाचा, चुकलं, आम्ही विसरलो तुम्हाला. ते हसले आणि म्हणाले, "सूर्याला जाऊन सांग, नेपच्यून जाग्यावर हाय."

परत येताना स्कूटरवर मागे बसलेल्या चाचांचं ओझं जाणवलं नाही. एवढं मला नक्की आठवतं. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

* * *

त्यानंतरच्याच एका मंगळवारी भिंतीवर एकसष्ट आलं. चाचा उतरले, परत चढले. एकसष्ट. म्हणाले, काटा म्हातारा झाला. पाटाखाली एक बारीक स्क्रू आहे, तो फिरवला की सगळ्यांचाच आकडा त्या पटीत वर-खाली होतो. चाचा पालथे झोपले, मी टॉर्च धरला, त्यांनी स्क्रू फिरवला, परत उभे राहिले. बासष्ट. काटा बरोबर. सही. मॅडमची सही.

दोन-तीन आठवड्यांनी परत एकसष्ट. परत टॉर्च, परत स्क्रू. मग हे चालूच राहिलं, चार-पाच महिने. लोक कुरकुरायला लागले. एक बाई म्हणाली, दवाखान्यात पंचावन्न भरले, इथे एकोणसाठ कशी? चाचांनी तिला बूट काढायला लावले. तिच्या नवऱ्याला मजा वाटली, तिला नाही वाटली.

मग एक दिवस आजऱ्याचे एक काजूवाले व्यापारी नातवंडांना घेऊन आले. बाजारातून तसेच आलेले, हातात दहा किलोचा सीलबंद डबा. माणूस व्यवहारी. नातवंडं चढायच्या आधी त्यांनी डबाच पाटावर ठेवला. भिंतीवर आलं, अकरा.

ते मोठ्याने म्हणाले, "पावणं, तुमचा काटा मापात पाप करतोय."

चाचांना असा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, तुमच्या डब्यातच खोट असेल. काजूवाले शांतपणे खाली गेले, गाडीतून दुसरा डबा आणला आणि ठेवला. अकरा. तिसरा आणला. अकरा.

चाचांनी आकड्याकडे बघितलं. मग पालथे झोपले. मी टॉर्च धरला. त्यांनी स्क्रू मागे फिरवला, दहा येईपर्यंत. काजूवाल्यांना हात जोडले. आणि चपला काढून स्वतः पाटावर उभे राहिले.

सत्तावन्न.

हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. त्यांना तो नुसता आकडा होता. मी आणि मॅडम मात्र एकमेकींकडे बघायचं टाळत उभ्या राहिलो. काटा कधीच चुकलेला नव्हता. पाच महिने तो आम्हाला ओरडून सांगत होता, वीतभर उंच लाल आकड्यांत, आणि आम्ही दर वेळी त्याचंच तोंड बंद करत होतो. चाचांच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली मी पाहिली होती. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली पाहिली होती. पण माणसावर विश्वास इतका की दोष यंत्राचाच असणार. आणि टॉर्च मी धरला होता. हे मी कधी विसरणार नाही.

मंगळवार नव्हता, तरी चाचांनी वही मागितली. लिहिलं, 'सत्तावन्न. काटा बरोबर.' सही केली.

* * *

पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी चाचांच्या मुलीला, शबानाला, सांगितलं की चार-पाच महिने आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. शबानाने ते मला सांगितलं, सहज, दोष न देता. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

चाचा दवाखान्यात गेले आणि त्याच पंधरवड्यात प्रमाणित वजनं आली! पितळी मुठींची, लाकडी पेटीत, मखमलीवर ठेवलेली. इतक्या वर्षांच्या अर्जाला नेमकी तेव्हाच जाग आली. मी ती पेटी उघडली आणि तशीच बंद केली. मॅडम आत जाऊन बसल्या.

मी भेटायला गेले की चाचा एकच विचारायचे, काटा कोण बघतंय. मी सांगायचे, मी बघते, बरोबर आहे. एकदा ते फारच वाळलेले दिसले. काही तरी धीराचं बोलावं म्हणून मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. म्हटलं, चाचा, वजन जातं, माणूस आहे तेवढाच राहतो.

ते डोळे मिटूनच म्हणाले, "त्ये चंद्रावर, सुजाता. हितं तसं न्हाय."

* * *

आणि हा शेवटचा.

एका रविवारी संध्याकाळी शबानाचा फोन आला. अब्बा ऐकेनात, मंगळवारी काटा बघायला येणार म्हणतात, घेऊन येऊ का? मॅडमनी या म्हणून सांगितलं. मग विचारलं, वजन किती आहे आता त्यांचं? शबाना म्हणाली, काल दवाखान्यात सत्तेचाळीस भरलं.

सोमवारी सुट्टी असूनही मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, सुजाता, उद्या बासष्ट आलं पाहिजे.  मग मी पालथी झोपले आणि या वेळी टॉर्च मॅडमनी धरला. पेटीतली वजनं पाटावर चढवत, हिशेब करत, सत्तेचाळीसला बासष्ट दिसेपर्यंत मी स्क्रू फिरवला. आता त्या काट्यावर कुणीही चढलं, तरी खऱ्यापेक्षा जवळजवळ तिसरा हिस्सा जास्तच दिसणार होतं.

मंगळवारी चाचा आले. चौदा पायऱ्या, मध्ये दोनदा बसले. एका शाळेची चाळीस-पन्नास पोरं वेळेआधीच आली होती, त्यांना बाहेर उन्हात कुठे ठेवायचं म्हणून आत घेतलं होतं. चाचांनी चपला काढल्या. शबानाचा हात सोडवला आणि पाटावर उभे राहिले.

बासष्ट.

चाचांनी आकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या हाताला स्क्रू-ड्रायव्हरने पडलेला लाल वळ होता, त्याच्याकडेही बघितलं.  सावकाश खाली उतरले, खुर्चीवर बसले, श्वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, एक डाव तुमी उभ्या ऱ्हावा."

मी मॅडमकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. मॅडमनी पर्स माझ्या हातात दिली. सँडल काढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पाटावर चढल्या आणि अख्ख्या हॉलसमोर भिंतीवर आलं, नव्वद.

मागची पोरं फिसकन हसली. त्यांच्या सरांनी डोळे वटारले. मॅडम तशाच उभ्या, पदर सावरून, सरळ आकड्याकडे बघत.

चाचांनी विचारलं, "बराबर हाय का?"

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे चाचा. माझं तेवढंच आहे."

चाचांनी मान हलवली आणि वही मागितली. एकेक अक्षर काढायला वेळ लागला. लिहिलं, 'बासष्ट. काटा बरोबर.' खाली सही केली. मग वही मॅडमपुढे धरली.

मॅडमनी पाटावर उभ्या उभ्याच चष्मा पुसला आणि खाली सही केली.